काळतोंडी, बांडी आणि बाकीच्या बावीसजणी

कपिलचा गेम वाईट होता आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं. पुढचं सगळं त्यातून झालं. तेव्हा दोष माझ्याकडे येत असेल तर येऊ दे.

शहाण्णव सालची गोष्ट. दहिवडीत एसटी स्टँडच्या मागं विश्वजित सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी तिथं मुलांना टायपिंग आणि डॉस शिकवायचे, आणि शिकवून झालं की गेम खेळायचे. चपला दाराबाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, धुळीनं मशीन बिघडतं, असा सरांचा दंडक. माण तालुक्यात राहून धूळ बाहेर ठेवायला निघालेला माणूस, आता काय बोलायचं.

सरांनी नवं मल्टिमीडिया मशीन आणलं होतं. त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता आणि पोरं त्याच्यासाठी रांग लावायची. मीही एकदा बसले. आभाळ काय, झाडं काय, काचेवर चमकणारं ऊन काय, आणि दहा मिनिटांत मला जांभई आली. गाडी भिंतीवर आपटली तरी आतल्या माणसाला खरचटत नाही, मग मी कशाला जीव टाकू? माझं मत तेव्हाही पक्कं होतं आणि आजही आहे. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन तुमच्या मागं लागतो आणि तुम्ही घाबरून खुर्चीत पाय वर घेता, तो गेम. बाकीची सगळी लग्नातली रोषणाई, दुसऱ्या दिवशी उतरवून ठेवायची.

कपिलला हे पटायचं. सातवीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. क्लासमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवर, जिथं कुणी बसत नव्हतं तिथं, चार महिने खपून त्यानं बेसिकमध्ये स्वतःचा गेम लिहिला होता. दहिवडीहून चोवीस मेंढ्या घेऊन निघायचं, डांबरी सडक ओलांडायची, लांडगा चुकवायचा आणि दिवस मावळायच्या आत मेंढ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घालायच्या. असे सात मुक्काम केले की कृष्णाकाठ आला. किती मेंढ्या उरल्या तो आकडा वर कोपऱ्यात दिसायचा. हा विषय त्यानं माझ्याकडं बघूनच घेतला होता, कारण आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरंच.

आणि तो गेम मला आवडेना. मी खोटं बोलू शकले असते. पण गेमच्या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही, जीभच वळत नाही.

"काय चुकलंय ते तरी सांग," तो म्हणाला.

"तेच तर कळंना. लांडगा मेंढी न्हेतो आन मला काय सुदिक वाटत न्हाई बघ."

त्यानं लांडगा जोरात पळवला. मेंढी गेली की टूँ असा आवाज घातला. मला तरीही काही वाटेना. शेवटी एका शुक्रवारी तो वैतागला. त्याचे वडील सोपानकाका मुंबईला गोदीत होते. त्यांनी कपिलसाठी एका कंपनीत पॅकिंगचं काम बघितलं होतं आणि सोमवारी सकाळच्या गाडीनं त्याला निघायचं होतं. जाणं ठरलेलंच होतं, त्यात बदल होणार नव्हता. पण तो म्हणाला, "तुलाच आवडत न्हाई तर जगात कुणाला आवडनार? जायच्या आधी पुसून टाकतो. फ्लॉपी पन आन मशीनवरचं पन. आन परत ह्या नादाला लागायचो न्हाई."

मला वाटलं, आपण फार कडक बोललो. पण 'छान आहे रे' असं आता म्हणाले असते तर त्याला ते खोटं आहे हे लगेच कळलं असतं. चांगला गेम आणि हा गेम यांच्यात एका बोटाचं अंतर आहे असं मला सारखं वाटत होतं, आणि ते बोट कुठलं ते सापडत नव्हतं.

तेवढ्यात आबा आले. माझे वडील, धुळा नाव त्यांचं. गुडघ्याचं औषध घ्यायला गावात आले होते आणि मला घेऊन पाचच्या एसटीनं घरी जायचं होतं. गुडघ्यापायीच गेल्या वर्षी त्यांनी कळप विकला होता. तेव्हापासून ते कशावर रागवत नव्हते की हसत नव्हते. त्यांचं ते गप्प बसणं आईला आणि मला खायला उठायचं. त्यांनी दारात पायताण काढलं, काठी भिंतीला लावली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

"मामा, मेंढरं राखता काय?" कपिलनं उगाच विचारलं. गेम पुसायचाच होता, मग कुणी का खेळेना.

आबांना त्यानं बाणांची बटणं दाखवली. आबा एक बोट ताठ करून हळूहळू दाबत राहिले. सडकेवर एक मेंढी ट्रकखाली गेली आणि टूँ झालं.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"एक गेली, मामा. वर बघा की, तेवीस लिवलंय."

"एक म्हंजी कोन?"

कपिल माझ्याकडं बघायला लागला. आबांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "ह्या समद्या सारक्याच काढल्यात तू. असला कळप असतोय व्हय रं? कोन गेली ते कसं कळावं?"

"म्हनून तर आकडा लावलाय."

"आमी आकडा कवा लावतोय? सांजच्याला वाघरीच्या तोंडाशी उभं ऱ्हायचं आन एकेकीचं तोंड बघायचं. जी न्हाई, ती आपसूक कळती. तेवीस हाय म्हनल्यावर कुनाला हाका मारत जानार रानात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातवीपर्यंत मी त्याच वाघरीच्या तोंडाशी आबांच्या शेजारी उभी राहायचे. मग साताऱ्याला होस्टेलला गेले, शहाणी झाले, आणि चार महिने मीही कोपऱ्यातला आकडाच बघत बसले. धनगराच्या लेकीला एवढं सुचू नये.

कपिल म्हणाला, "मामा, एका मेंढीला आठ गुणिले आठ, चौसष्ट ठिपके मिळत्यात. त्यात चोवीस तोंडं कशी बसवू?"

"समदं तोंड कशाला? एक खूण पुरं."

मग आबा सांगत गेले आणि कपिल वहीच्या चौकटींत पेन्सिलीनं घरं भरत गेला. एक काळतोंडी, तिला फक्त पुढचे चार ठिपके काळे. एक फाटक्या कानाची, तिचा एक ठिपका कमी. एक लंगडी. एक बांडी, अर्धी पांढरी अर्धी तपकिरी. "बांडी लय हावरट. चरायचं सोडत न्हाई, कायम मागं ऱ्हाती." कपिलनं तेही लिहून घेतलं. त्याला वाटलं आबा मनानं रचून सांगताहेत. मला मात्र पाचव्या मेंढीलाच कळलं. आबा त्यांचा विकलेला कळप ओळीनं सांगत होते, एकही न चुकता. वर्षभरात त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. आमची पाचची एसटी गेली, सहाचीही गेली.

शनिवारी कपिल दिवसभर मशीनवरून उठला नाही. रविवारी क्लास बंद, पण किल्ली माझ्याकडं असायची. दुपारी आबांना मी घेऊन आले. कपिलनं चोवीसही जणी नव्यानं काढल्या होत्या. कोपऱ्यातला आकडा काढून टाकला होता आणि टूँही.

आबा खेळायला बसले. सडक नीट ओलांडली. ओढा ओलांडला. दिवस खाली आला तशी मेंढरं वाघरीत शिरायला लागली. आबांनी बटणावरचं बोट उचललं.

"बांडी कुटाय?"

ती लांब मागं राहिली होती, चरत. आबा मागं फिरले. बोट इतकं जोरात दाबत होते की मला बटण तुटेल अशी भीती वाटली. लांडगा दुसऱ्या बाजूनं आला. आबा पोचायच्या आधी चार पावलं तो पोचला आणि बांडी पडद्यावरून गेली. आवाज काही झाला नाही.

आबा उठले. पायताण न घालताच बाहेर गेले.

कपिलचा चेहरा पडला. "झालं. त्येनलाबी न्हाई आवडला," म्हणाला आणि त्यानं गेम बंद केला. मी आबांच्या मागं धावले.

ते पायरीवर बसले होते, डोळ्याला पटक्याचं टोक लावून. आबांना मी आजीच्या मौतीलाही रडताना बघितलं नव्हतं.

"राणे, कळप दिला तवा बांडी टेंपोत चढंना," ते म्हणाले. "मागं मागं सरत हुती. मीच ढकलली तिला. तवा डोळ्यातनं टिप्पूस आलं न्हाई माज्या. आन आज बघ."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग आठवलं आणि आत पळाले. कपिलनं डिलीटची कमांड टाइप केली होती, एंटर तेवढं दाबायचं राहिलं होतं.

"बोट उचल," मी म्हणाले. "दाबलंस तर याद राख. माझा आबा बाहेर रडतोय, तुझ्या चौसष्ट ठिपक्यांसाठी. असला गेम मी जन्मात बघितला न्हाई."

कपिलला आधी खरं वाटेना. मी खोटं बोलत नाही हे त्याला आठवलं असावं. त्यानं बॅकस्पेस दाबून एकेक अक्षर मागं घेतलं.

आबा आत आले. तोंड धुऊन आले होते. खुर्ची ओढून बसले.

"परत लाव. ह्या टायमाला बांडीला मधी घेतो."

त्यांनी तिला मधी घेतलं, आणि त्या दुपारी तीन मुक्काम चोवीसच्या चोवीस जणी घेऊन केले. उठताना त्यांनी कपिलच्या खांद्यावर हात ठेवला.

"ममईस्नं परत कवा येनार तू?"

"दिवाळीला, मामा."

"मग तवा बांडीला एक कोकरू दे. लय वरसं झाली, तिला कोकरू न्हाई."

कपिलनं वही उघडली आणि लिहून घेतलं.