ऐंशीच्या काट्यावर येणारी बाई

कागलच्या अलीकडे, हायवेच्या कडेला एक पत्र्याचा मांडव आहे आणि त्याच्यापुढं नजरेच्या टप्प्यात पिंपरणीचं एकटं झाड. त्या रविवारी मांडवापुढं माणूस मावत नव्हतं. उभी राहिलेली माणसं एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती ती एका चंदेरी स्पोर्ट्स सेडानकडं. जत्रेतल्या पाळण्यासारखी ती गाडी माणसं भरून निघायची, झाडाखालून जायची, पुढच्या पुलाखालून वळून परत यायची. जाताना हसणारी माणसं उतरताना पांढरीफटक.

“आली का?” खालचे विचारत.

“आली की. झाडाखाली गेलो न् स्टेरिंग धरून गदागदा हलिवलं बाईनं. पायातनं मुंग्या आल्या.”

ही बाई म्हणजे झाडावरची. तिला बघितलेलं कुणीच नव्हतं, पण तिच्या लुगड्याचा रंग प्रत्येकाला ठाऊक होता. आणि तिला आवरणारा एकच पुरुष पंचक्रोशीत होता, तो गाडीच्या मागच्या सीटवर बरोब्बर मधोमध बसलेला असे. चाकबाबा. पूर्वी हे गृहस्थ उसाच्या गाड्यांना लिंबू-मिरची विकायचे. एका पावसाळ्यात विक्री मंदावली आणि त्यांना साक्षात्कार झाला.

“चाक म्हंजे काळ,” बाबा सांगायचे, “काळ म्हंजे चाक. चाक फिरतं, काळ फिरतो. आनि मधी कोन? मधी मी.”

लोक माना डोलवत. कुणाला काही कळलं नव्हतं, म्हणूनच ते थोर वाटत होतं.

गाडी सुटली की बाबा अर्धे डोळे मिटून पुटपुटायचे. झाड जवळ आलं की हात वर करून “आली” म्हणायचे, आणि खरोखर गाडी थरथरायला लागायची. मग बाबा ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवत. “पाय उचल लेकरा, नम्र हो.” लेकरू पाय उचलायचं, थरथर विरायची, आणि मागं बसलेला एखादा धट्टाकट्टा गडी डोळे पुसायचा.

ते लेकरू म्हणजे आमच्या आळीतला विजयसिंह. गाडी त्याचीच. सेकंडहँड घेतलेली, पण पोरीसारखी जपलेली. दसऱ्याच्या तोंडावर त्यानं तिला नवी मॅगव्हीलची चकचकीत चाकं मागवली, मूळच्यापेक्षा मोठी, आणि त्यांवर रुंद, बुटक्या कडेचे टायर. खंडेनवमीला घराघरात हत्यारं पुजतात, तशी त्याची आई शालूबाई हिनं चाकं पुजली. बॉक्समधलं होतं नव्हतं ते सगळं तिनं पाटावर मांडलं, फुलं वाहिली आणि ओठातल्या ओठात गुणगुणली,

चाकाला लाविते हळद-कुंकवाची बोटं
लेकाच्या वाटंवर नको खड्डं, नको गोटं

चाकं बसली, आणि पहिल्याच फेरीला कागलच्या रस्त्यावर गाडीला हीव भरलं. गावात, गल्लीत, सिग्नलला गाडी शहाण्यासारखी. हायवेला लागून जरा पळाली की स्टेरिंग हातात नाचायचं. टायरवाल्याकडं परत धाडायचं सोडून कुणीतरी विजयसिंहाला मांडवाचा पत्ता दिला. शालूबाई हात जोडून पुढं बसली. बाबांनी एकच प्रश्न विचारला.

“घरात नवीन काय आलंय?”

शालूबाईनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “सून.”

एवढं बाबांना पुरेसं होतं. सुनेच्या पायगुणानं झाडावरची बाई जागी झाली, असं निदान झालं. उपाय साधा. गाडी रोज मांडवापुढं आणायची, लोकांना प्रचीती द्यायची, दक्षिणा जमेल ती बाबांच्या पेटीत. आणि सून पहिल्या दिवाळसणाला माहेरी जाईलच, तर गाडी शांत होईपर्यंत तिला परत आणायची नाही.

सुनेचं नाव अनुजा. गारगोटीची. आखाड लागायच्या आधी लग्न होऊन आलेली, कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. घरात हे तिला कुणी सरळ सांगितलं नाही. पण सासूनं हातातला चहा खाली ठेवून दुसरीकडं बघायला सुरुवात केली, की सुनेला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. शनिवारी तिनं बॅग काढली आणि विचारलं, “आत्ती, साड्या किती भरू?”

शालूबाई देव्हाऱ्यातली फुलं बदलायला उठली. अनुजानं मग होत्या तेवढ्या सगळ्या भरल्या. विजयसिंह दारात उभा राहून किल्ली बोटावर फिरवत होता. त्याला काहीतरी बोलायचं होतं, ते किल्लीबरोबर गोल गोल फिरत राहिलं.

म्हणून त्या रविवारी ती मांडवावर आली होती. पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, “बाबा, माझ्यामुळं बाई जागी झालीय म्हणता. मग मलाबी भेटवा की तिला.”

गर्दीत खसखस पिकली. बाबांना नाही म्हणता येईना. मागं बाबांच्या शेजारी शालूबाई, पुढं नवऱ्याजवळ अनुजा. बसल्या बसल्या तिनं खांद्यावरची शाल काढली आणि नवऱ्याच्या पुढ्यातल्या वेगाच्या काट्यावर अशी सोडली, की तो विजयसिंहाला दिसावा आणि मागच्यांना दिसू नये.

“ऊन लागतंय त्याला,” ती म्हणाली. मग नवऱ्याच्या कानाशी लागून तिनं काहीतरी सांगितलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, एकदा आरशातून आईकडं बघितलं, आणि मान डोलावली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या बोटावरची किल्ली फिरायची थांबली होती, असं आम्हाला वाटलं. अर्थात तेव्हा ती गाडीला लावलेली होती.

पुढचं सगळं शालूबाईनंच नंतर आळीभर सांगितलं.

झाड आलं. बाबांनी हात वर केला. “आली.”

गाडी लोण्यातून सुरी जावी तशी झाडाखालून गेली. कुणी हललं नाही की काही हललं नाही.

“आली म्हनताय नव्हं?” शालूबाईनं विचारलं.

“लाजलीया,” बाबा म्हणाले. “नवीन मानूस बघून झाडावर बसली परत. आता तिची शांती झाली. म्या काल रातभर जप केला, त्याचं हे फळ. आता कागल येईस्तोवर गाडी अशी पाळण्यावानी…”

पाळण्यावानी म्हणायला आणि विजयसिंहानं पाय दाबायला एकच गाठ पडली. गाडी गदागदा हलायला लागली. झाड कधीच मागं पडलेलं, आणि बाबांचं ‘पाळण्यावानी’ तोंडातल्या तोंडात चार तुकडे होऊन बाहेर पडलं.

अनुजानं शाल उचलली. काटा ऐंशीच्या पुढं होता.

“झाडाखाली साठच्या आत हुतो,” विजयसिंह हळूच म्हणाला.

“आत्ती,” अनुजा मागं वळली, “बाई झाडावर असती तर झाडाखाली आली असती. ही तर काट्यावर बसलीया. ऐंशी दिसलं की येती, पाय उचलला की जाती. बाबांचं डोळं अर्धं मिटल्यालं असायचं, ते उरल्याल्या अर्ध्यानं काटा बघायचं.”

बाबांनी उतरायची इच्छा व्यक्त केली. शालूबाईनं त्यांचं धोतर धरून ठेवलं.

गाडी तशीच अझहरच्या टायरच्या दुकानी नेली. ह्यानंच चाकं बसवली होती. मांडवावरची निम्मी गर्दी मोटारसायकलींवरून मागं आलीच. अझहरनं एक चाक खोललं आणि मधल्या भोकात बोट घातलं.

“हे बघा. ही चाकं हरेक गाडीला चालावीत म्हणून मधलं भोक मोठं ठेवत्यात. गाडीचा हब, म्हंजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल, बारीक. ह्या दोघांमधी एक रिंग लागती, ती न्हाय. मग चाक नुसत्या नटांवर लटकतं, केसभर एका बाजूला. मी त्या दिवशी इचारलं हुतं, रिंगा कुठायत?”

“बॉक्समधी न्हवत्याच की,” विजयसिंह म्हणाला.

“असत्यात. काळ्या, प्लास्टिकच्या. बांगडीएवढ्या.”

शालूबाईच्या हातातून धोतर सुटलं.

“हळदीकुंकू लावल्यालं,” ती पुटपुटली, “चिखलात कसं घालायचं? देव्हाऱ्यात ठेवल्यात म्या. कलशाखाली, नारळाखाली. लवंडत हुता नारळ. बेस बसलाय आता.”

कुणी हसायचं ते अनुजाकडं बघून थांबलं. ती सासूजवळ गेली.

“आमच्या हळदीला जातं काढलं हुतं, आठवतंय? मधली खीळ ढिली हुती. हळूहळू दळलं तवा कळलंबी नाही. पोरींनी जोरात फिरवलं, न् जातं नाचाय लागलं. हे तसंच. हळू असलं तर कळत नाही. ऐंशीला चाकाचे हिसके आणि गाडीचा स्वतःचा झोका जुळतात, झोपाळ्याला वेळेवर रेटा दिल्यासारखं.”

“जातं नाचलं तवा म्या खीळ ठोकली हुती,” शालूबाई म्हणाली. “पायगुण न्हवता काढला कुनाचा.”

मग ती सुनेकडं वळली.

“त्यानं इचारलं नवीन काय आलंय. चाकंबी नवीनच हुती की गं. मला तूच तेवढी दिसलीस.”

रिंगा आल्या, हळदीकुंकवासकट. अझहरनं त्या पुसायच्या आधी शालूबाईला विचारलं, तिनं मान डोलावली. संध्याकाळी विजयसिंहानं गाडी पिंपरणीखालून ऐंशीनं नेली, परत आणली. स्टेरिंगपुढं ठेवलेलं फूल हललं नाही. मांडवाकडं बघितलं तर पेटीसकट बाबा गेलेले. ‘मधी मी’ म्हणणारा मधून गेला, आणि सगळं सुरळीत फिरायला लागलं.

दिवाळसणाला निघताना शालूबाईनं अनुजाची बॅग उघडली आणि साड्या काढून परत कपाटात लावायला घेतल्या. “एवढ्या कशाला? चार दिसात यायचंय न्हवं. तोवर ह्या हितंच ऱ्हाऊ देत.” आणि लावता लावता गुणगुणली,

आस आणि चाक, मधी कड्याची ग साथ
सुनंच्या हाताला सासूबाईचा ग हात

तिचा देव्हाऱ्यातला नारळ आता तांदळाच्या वाटीत बसतो. देवाचं काही अडलेलं नाही. अडतं ते आपलं, विचार न करता बोट दाखवल्यानं. गाडी हलली, म्हैस आटली, पोर तापलं, की कुणीतरी विचारतंच, घरात नवीन काय आलंय. तेव्हा दारातल्या माणसाकडं बघू नका. चाक खोला, गोठा बघा, डॉक्टरकडं जा. कारण जवळच असतं, क्वचित आपणच ते हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलेलं असतं.