कापण्याआधीचा आकडा

ज्येष्ठ शुद्ध पक्षातील एका मंगळवारी, दुपारच्या प्रहरी, भिलाईच्या औद्योगिक वसाहतीतील बिसहत वर्मा यांच्या कारखान्यात, शिवनाथ नदीवरील पुलाच्या गर्डरांसाठी आणलेल्या पोलादाची तपासणी ठरली होती. तपासनीस मनराखन साहू पोहोचले, तेव्हा त्यांना आधी खुर्ची मिळाली, मग मठ्ठा मिळाला, आणि मग कळले की प्लेटा सकाळीच कापून झाल्या आहेत.

मनराखन थकले होते. तो थकवा उन्हाचा नव्हता. लोकांना ‘नाही’ म्हणण्याचा होता, आणि तो झोपेने उतरत नसे.

नियम साधा होता. पोलादाच्या प्रत्येक प्लेटेच्या कोपऱ्यावर तिच्या भट्टीचा आकडा ठोकलेला असतो. कापण्यापूर्वी तो आकडा, तपासनिसाच्या डोळ्यांदेखत, होणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर पोलादी पंच ठोकून उतरवायचा. आकडा आहे तोवर पोलादाला प्रत आहे. तो गेला की उरते ते नुसते लोखंड.

ते तुकड्यांपाशी उकिडवे बसले. आकडे होते, रेखीवही होते. परंतु कापाच्या कडेला गॅसकटरच्या ज्वाळेने पोलादावर निळसर झाक चढवली होती, आणि त्या झाकेत ठोकलेले आकडे मात्र लख्ख चकाकत होते. आधी ठोकले असते तर तेही निळे पडले असते. त्यातच शेडच्या कामासाठी त्याच जाडीच्या हलक्या प्रतीच्या प्लेटाही सकाळीच कापल्या होत्या. कोणता तुकडा कोणत्या प्लेटेचा, हे आता कोणाच्या शब्दावर मानायचे?

बिसहत यांनी काही लपवले नाही. गेल्या उन्हाळ्यात याच आवारात मनराखन भोवळ येऊन पडले होते. यंदा त्यांना तापल्या लोखंडापाशी उभे करायचे नाही, म्हणून बिसहत यांनी सकाळच्या गारव्यात काम उरकले. घाईत आकड्यांचे कोपरेच आधी छाटले गेले आणि भंगारात मिसळले. मग जमेल तसे आठवून आकडे ठोकले.

“लबाडी केली असतीत तर माझं काम सोपं होतं, महाप्रसाद,” मनराखन म्हणाले. “तुम्ही माझी काळजी केलीत. ती आता कोणत्या प्रतीत बसवू?”

“भंगारात टाका. घरी तुमची वहिनी तेच करते.”

हसणे दोघांनाही जमले नाही. लहानपणी जगन्नाथाचा प्रसाद एकमेकांना भरवून ते ‘महाप्रसाद’, म्हणजे जन्मभराचे मानलेले मित्र, झाले होते. तेव्हापासून एकाने दुसऱ्याचे नाव कधी उच्चारले नव्हते. आणि महाप्रसादाने मागितलेले नाकारायचे नसते, म्हणून मनराखन तपासनीस झाल्यापासून बिसहत यांनी त्यांच्याकडे काही मागितलेही नव्हते.

मनराखन मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी भांडले. प्रयोगशाळेत ताण देऊन पाहावे, तर तुकडे नेमक्या मापाचे. नमुना काढायला बोटभर पट्टी उरली नव्हती. ग्राइंडरवर घासून ठिणग्या पाहाव्यात, तर ठिणगी कर्ब सांगेल, ताकद सांगणार नाही. बहुतेक तुकडे योग्य प्रतीचेच असतील. पण पूल ‘बहुतेक’वर उभा राहत नाही. उलट नाकारावे, तर पावसाळ्यापूर्वी गर्डर होणार नाहीत, काम दुसऱ्याकडे जाईल, आणि शेडच्या किरकोळ कामाखेरीज बिसहत यांच्या हाती दुसरे काम नव्हते. त्यांनी आता मागितले तर ‘हो’ म्हणावे लागेल, ही मनराखन यांची भीती होती. लाजिरवाणे हे की तीच त्यांची आशाही होती. मग निर्णय आपल्याकडे राहिला नसता.

“एक मागू, महाप्रसाद?” बिसहत म्हणाले.

मनराखन यांनी डोळे मिटून घेतले. “मागा.”

“आज गोड बोलून निघून जाऊ नका, आणि उद्या कचेरीतून कळवू नका. जे असेल ते इथंच, माझ्या तोंडावर सांगा.”

मनराखन गुडघ्यावर हात रेटून उठू लागले. बिसहत यांनी हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि उभे राहिल्यावरही सोडला नाही.

“पुलाला चालणार नाही,” ते म्हणाले. “एकही तुकडा.”