तीन नंबरची सरळ रेघ

प्रणालीच्या डोळ्यांपुढे कंप्युटरच्या पडद्यावर चारही चौकोन हिरवे होते, आणि सगळं हिरवं असलं की ती जेवायला उठायची. त्या दुपारी मात्र ती उठली नाही. तिची नजर तीन नंबरच्या रेघेवर अडकली.

ती बसायची अमरावतीत. ज्या चार खोल्यांची खबर तिच्या पडद्यावर यायची, त्या होत्या अकोल्याच्या पलीकडे, शेतकऱ्यांच्या कंपनीच्या केळी पिकवायच्या केंद्रात. खोल्या कसल्या, बिनखिडकीच्या थंडगार पेट्याच त्या! आत कच्च्या केळ्यांचे क्रेट रचायचे, दार घट्ट लावायचं. केळी पिकताना माणसासारखाच श्वास सोडतात. बंद खोलीत तो साचत जातो, आणि फार साचला तर आत गेलेला माणूस ओरडायच्या आधीच खाली बसतो. म्हणून प्रत्येक खोलीत हवा मोजणारं यंत्र होतं. आकडा चढला की पंखा आपोआप सुरू व्हायचा आणि दाराजवळच्या टीव्हीवर चौकोन लाल व्हायचा. उतरला की हिरवा. हे दाखवणारं अ‍ॅप प्रणालीने बनवलं होतं, आणि गावाने तिला नुसतं डोक्यावर घेतलं होतं.

सगळ्यात जास्त मिरवायची ती तिची आई. शकुनबाई त्याच केंद्रात कामाला होत्या. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या, म्हणून लेकीने त्यांना आकड्यांच्या भानगडीत न पाडता एकच गोष्ट शिकवली : लाल असलं की दाराला हात लावायचा नाही, हिरवं असलं की खुशाल जायचं. बाईंनी ते पक्कं धरलं. बाकीच्या बायकांनाही त्या टीव्हीपुढे उभं करून सांगायच्या, "माह्या पोरीनं केलं हाये हे. हिरवं पाहून घ्या, मंगच आत जा."

पण ती रेघ! चालू खोलीतल्या हवेच्या आकड्यांची रेघ कधी सरळ नसते. दार उघडलं की उतरते, लावलं की चढते, सारखी चुळबुळ करते. तीन नंबरची काल संध्याकाळपर्यंत तशीच होती. साडेसहानंतर मात्र ती पट्टी ठेवून आखावी तशी सरळ गेली होती.

यंत्र कालच बंद पडलं होतं. मग चौकोन हिरवा कसा? उत्तर तिला ठाऊक होतं, कारण ती करामत तिचीच होती. दिवाळीआधी केंद्र बघायला मोठे पाहुणे येणार होते. रेंज गेली की रेघ तुटायची, चौकोन काळा पडायचा. कंपनीचे अध्यक्ष खुशालराव म्हणाले होते, "अवं, मधात मधात हे काय भोकं दिसून राहिले? पाहुण्याइले काय दाखवू?" आणि या शहाणीने प्रोग्राममधल्या दोन ओळी बदलल्या. नवा आकडा आला नाही, तर शेवटचाच दाखवत राहायचा. पाहुणे खूश होऊन गेले. दोन ओळी तिथेच राहिल्या.

म्हणजे अठरा तास त्या खोलीतल्या हवेची कुणालाच खबर नव्हती. जुन्या आकड्याच्या भरवशावर पंखाही गप्प बसला होता.

तिने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. आईचा फोन पिशवीत आणि पिशवी खुंटीला, हे माहीत असून पुन्हा लावला. मग केंद्र सांभाळणाऱ्या देवमनकाकांना लावला. त्यांनी चौथ्या रिंगला उचलला.

"काका, तीन नंबरात कोणी गेलं हाये काय?"

"तुही मायच गेली ना आत्ता, केळं पिवळं झालं का पाह्याले. काहून वं?"

"किती वेळ झाला?"

"झाले असतीन पाच-सात मिनिटं. टीव्ही पाहून गेली. हिरवंच हाये, मी पाहून राहिलो ना इथून."

"काका, थो टीव्ही खोटा हाये! पळा! दार सताड उघडा, पंखा हातानं चालू करा. एकटे आत जाऊ नका, श्वास रोखून जा!"

फोन तसाच चालू राहिला. पळणारी पावलं ऐकू आली. गारवा जाऊ नये म्हणून आत जाणारा माणूस दार लोटून घ्यायचा. ते दार धाडकन उघडलं. कुणीतरी कुणाला तरी हाक मारली, पंखा घरघरला, क्रेट कोसळले. तिकडे प्रणालीच्या आईला ओढत बाहेर काढत होते, आणि इकडे पडद्यावर तीन नंबर हिरवागार होता.

"श्वास हाये," देवमनकाका धापा टाकत म्हणाले. "पण बोलून नाई राहिली."

ती अकोल्याच्या दवाखान्यात पोचली तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र लक्ष ठेवावं लागेल. खुशालराव दारातच उभे होते. त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"हे पाह्य प्रणाली, रेकॉर्डात तीन नंबर हिरवा हाये. म्हंजे हवा साफच होती. बाईले उपाशीपोटी चक्कर आली असन, तसंच लिहून देऊ. तुह्यावरही बालंट नको."

खरं सांगायचं तर घटकाभर तिला ते बरंच वाटलं. नोकरी जाईल, पोलीस येतील, गाव तोंडावर थुंकेल, हे सगळं वाटेत तिच्या डोळ्यांपुढून गेलंच होतं.

तेवढ्यात शकुनबाईंनी डोळे उघडले. लेकीला बघून त्यांनी मास्क बाजूला सारला. त्या घाबरलेल्या होत्या, पण मरणाला नाही.

"पोरी, मी बराबर पाह्यलं होतं वं. हिरवंच होतं. का माहीच नजर चुकली? माह्यापायी तुह्या कामाले बट्टा लागला काय?"

खुशालराव खाकरले.

"नाई आई," ती त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "तुही नजर नाई चुकली. यंत्र बंद होतं, तरी हिरवं दिसावं असं म्याच करून ठेवलं होतं. पाहुण्याइसाठी."

आईने मान वळवली. खाटेशेजारी एक लहानसा पडदा होता, त्यावर तिच्या नाडीचे हिरवे आकडे दिसत होते. तिने तिकडे बोट केलं.

"मंग हे?" तिने विचारलं. "हे तरी खरं हाये काय वं?"