शब्बाथच्या दिवशी पडलेले खळे

मी एक जुना घडीचा कॅमेरा आहे. मित्रांनो, माझा भाता आता जागोजागी विरला आहे आणि मला कोणी उघडतही नाही.

माझा जन्म जर्मनीचा. एक गोरा साहेब मायदेशी जाताना मला विकून गेला आणि मी पनवेलला निसीमभाऊंच्या फोटोच्या दुकानात आलो. काय ते दिवस होते! लग्न असो, बारसे असो, माझ्यावाचून अडत असे. निगेटिव्हवरचे बारीक डाग निसीमभाऊ पेन्सिलीने असे मिटवत, की गिऱ्हाईक खूश. त्यांच्या डोळ्यांवरच घर चालत होते.

शनिवारी दुकान बंद. निसीमभाऊ ज्यू होते; शब्बाथ हा त्यांचा विसाव्याचा पवित्र वार, त्या दिवशी काम वर्ज्य, म्हणून ते मला हातही लावत नसत. अशाच एका शनिवारी दुपारी ऊन अचानक आजारी, पिवळट झाले. कावळे गप्प बसले. सूर्याभोवती भलेमोठे रंगीत कडे उमटले होते. गल्लीतल्या बायकांनी पोरांना ओढून घरात घेतले आणि दारे लावली. मला ते लक्षण बरे वाटेना.

निसीमभाऊंना मात्र त्याचा फोटो घेतल्यावाचून राहवेना. स्वतः मला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी शेजारच्या काशीराम शिंप्याला हाक मारली.

"खळं पडलंय, भाऊ. त्याच्याकडं बघायचं नाय," काशीराम म्हणाला.

"तू नुसता खटका दाब. बघायचं मी बघतो."

"अहो, आज शब्बाथ आहे!" त्यांच्या पत्नी सोफीवहिनी दारातून ओरडल्या.

"बघणं म्हणजे काही काम नव्हे, सोफी."

काशीरामने मला स्टँडवर चढवले. निसीमभाऊंनी हात पाठीमागे बांधले, वाकून उजवा डोळा माझ्या झरोक्याला लावला. खळे काही माझ्यात मावेना. "जरा डावीकडे. नाही, वर." काशीराम मान खाली घालून, घाबरत घाबरत मला हलवत होता. एरवी निसीमभाऊंनी स्वतः चुटकीसरशी उरकले असते. उजव्या डोळ्याला पाणी आले तसा त्यांनी डावा लावला. सूर्य थेट समोर होता. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. अखेर खटका वाजला.

फोटो सुरेख आला. कडा थोड्या कापल्या गेल्या, तरी उरणहून लोक तो पाहायला आले. निसीमभाऊंनाच तो दिसला नाही. ते जिथे पाहत, तिथे मधोमध काळा डाग येई. पेन्सिल सुटली, हळूहळू दुकानही गेले. समोरच्या माणसाचे कपडे, हात दिसत, चेहरा तेवढा पुसलेला असे.

"सोफी, हसतेस ना गं?" ते विचारत.

"हो," त्या म्हणत. त्यांचे गाल ओले असत.

मित्रांनो, सूर्याकडे रोखलेल्या कॅमेऱ्याला कधी डोळा लावू नका. माझे भिंग फडक्याने पुसले की लख्ख होते. तुमच्या डोळ्यांचे तसे नाही.