झाकण बांधलेली करवत

मी करवत बोलतेय. हातानं ओढायची नव्हे, बॅटरीवर फिरणारी, वाटोळ्या पात्याची. सध्या मी रेग्झिनच्या पिशवीत आहे, पिशवी मला चालवणाऱ्या नाथाच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकलीय आणि गाडी पेठ रोडवरून गंगापूर रोडकडे निघालीय. तिथं एका नव्या इमारतीत चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघराची कपाटं करायची आहेत. पोचायला फार वेळ लागणार नाही. तेवढ्यात मला माझं सगळं सांगून टाकायचं आहे, कारण माझ्या पात्यावरचं झाकण आज बांधलेलं आहे आणि नाथाला त्याचं काहीच वाटत नाही.

हे झाकण म्हणजे काय ते आधी सांगते. माझं पातं पाच-सव्वापाच इंचांचं. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर धातूचं झाकण असतं. मी लाकडात शिरले की ते आपोआप मागं सरकतं, लाकडातून बाहेर पडले की स्प्रिंगनं टकदिशी मिटतं. बटण सोडलं म्हणजे मी थांबले, असं लोकांना वाटतं. मी थांबत नाही. माझं पातं तीन-चार सेकंद फिरतच राहतं. त्या तीन-चार सेकंदांसाठी ते झाकण आहे.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या खोक्यावर लिहिलेलं होतं, पण दुकानाच्या माळ्यावर गळती झाली आणि अक्षरं धुऊन गेली. त्यामुळे कुळाचा अभिमान वगैरे मला नाही. रविवार कारंजाजवळच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मी आठ महिने काचेआड बसून होते. येणारा-जाणारा मला हातात घेई, हवेत एकदा फिरवी, "खेळणं दिसतंय" म्हणे आणि मोठ्या मशीनकडे वळे. पुरुषांना मशीन दणकट आणि आवाज करणारं हवं असतं. घरी जाऊन त्यानं काय कापायचंय ते मग आठवतं.

दोन हजार सात सालच्या श्रावणात देवराम आला. पेठकडच्या एका पाड्यावरचा माणूस, पंधरा वर्षांपूर्वी द्राक्षबागांच्या कामाला म्हणून उतरला आणि सुतारकाम शिकून नाशकातच राहिला. चाळिशीचा, कानावर पेन्सिल, उजवा खांदा जरा उतरलेला.

शेठनं आधी वायरीचं मशीन पुढं केलं.

"लाइट कुठं असती शेठ?" देवराम म्हणाला. "नव्या बिल्डिंगीत अजून मीटर बसले नाय. जिथं बसले तिथं लोडशेडिंग."

मग शेठनं बॅटरीवरची दोन मशीनं ठेवली. एक मोठं, एक मी. देवरामनं मोठं उचललं, हात सरळ लांब केला आणि तसाच धरून उभा राहिला. शेठनं चहा मागवला, चहा आला, तोवर देवरामचा हात थरथरायला लागला होता. त्यानं ते खाली ठेवलं आणि मला उचललं.

"ही हलक्या कामाची आहे हां," शेठ म्हणाला. "सागाच्या फळ्या कापायला जाल तर जळेल."

"सागाच्या फळ्या मला कोण देतंय? प्लाय, सनमाइका, बीडिंगच्या पट्ट्या. पण दिवसभर हातात राह्यली पायजे."

मग त्यानं मला कसं पाहिलं म्हणून सांगू! पातं कुठल्या बाजूला आहे, पेन्सिलीची रेघ दिसते का, किती जाडीपर्यंत उतरते, दुसरी बॅटरी मिळेल का. सून बघायला आलेल्या सासूनंही इतकी चौकशी केली नसती. शेवटी विचारलं, "बंद केल्यावर पातं किती येळ फिरतं?"

शेठला माहीत नव्हतं. देवरामनं बॅटरी बसवून मला चालवलं, बटण सोडलं आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजले. मग बॅटरी काढून झाकण बोटानं मागं ओढून सोडलं. टक. परत ओढलं, परत सोडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला नीट समजून घेत होतं. मला तो माणूस फार आवडला. असा जपून वागणारा माणूस, म्हणूनच पुढचं सांगताना मला राग येतो.

दोन महिने आमचं छान चाललं. पेठ रोडला त्याची एक खोली. बायको सिंधुबाई, देवराम तिला सिंधू म्हणे, आणि तिचा धाकटा भाऊ नाथा, जो शेजारीच राहायचा आणि देवरामच्या हाताखाली काम करायचा. संध्याकाळी देवराम माझ्यावरचा भुसा जुन्या ब्रशानं झाडी, मग आपले हातपाय धुई. सिंधू म्हणे, "माझ्यापरीस हिचीच सेवा जास्त." म्हणताना हसायची मात्र.

मग नवरात्र आलं. सिंधू बायकांबरोबर वणीच्या गडावर जाऊन आली. येताना देवीचा लाल-पिवळा नाडा घेऊन आली. खंडेनवमीला देवरामची सगळी हत्यारं पाटावर मांडली, रंधा, पटाशी, हातोडी आणि मधोमध मी. नवी नवरी म्हणून मान माझा. सिंधूनं मला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि नाडा काढला. माझ्या मुठीला बांधायला लागली.

"मुठीला नको," देवराम म्हणाला. "बटण दाबताना बोटात येतो."

एवढंच तो म्हणाला. मग तिनं दुसरी जागा शोधली. माझ्या झाकणाला बोटानं ओढायची एक छोटी दांडी आहे. तिनं नाडा त्या दांडीभोवती घेतला, वर ओढून माझ्या पुढच्या पकडीला गुंडाळला आणि गाठ मारली. झाकण अर्धं उघडं राहिलं. तिला ते झाकण आहे हेच ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "माझ्या धन्याचा हात सांभाळ गं माय."

देवरामनं पाहिलं. नक्की पाहिलं. पण गडावरचा नाडा माणूस आपल्या हातानं सोडत नाही, तो झिजून आपोआप पडायचा असतो. आणि खरं सांगायचं तर कारागिरांना झाकण वर अडकलेलं आवडतंच, रेघ स्वच्छ दिसते. कित्येक जण तर तारेनं बांधूनच टाकतात. देवराम त्यांतला नव्हता, पण आयती सोय झाली ती त्यानं चालवून घेतली. पडेल चार दिवसांत, असं मनाशी म्हणाला असेल.

चार दिवसांत नाडा पडला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही एका नव्या इमारतीत होतो आणि नाथा खाली प्लाय आणायला गेला होता. देवरामनं एक पट्टी कापली, बटण सोडलं आणि दोन महिन्यांच्या सवयीनं मला लगेच प्लायवर टेकवलं. झाकण मिटलं असेल, या भरवशावर. पातं फिरत होतं. दाते प्लायला लागले आणि मी धावले. दुसरा शब्द नाही त्याला. त्याचा डावा हात समोरच प्लाय दाबून होता.

दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं.

देवरामनं हाताला गळ्यातलं उपरणं गुंडाळलं. मग त्यानं जे केलं ते पाहणारी मी एकटीच. उजव्या हातानं बॅटरी काढली, पटाशी घेतली आणि नाडा कापला. टक. झाकण मिटलं. तुकडे खिडकीतून खाली टाकले आणि मग नाथाला हाक मारली. "तिला कळता कामा नये," असं दोनदा म्हणाला. माझ्याशीच बोलला असेल, तिथं दुसरं कोण होतं?

दवाखान्यातून घरी आल्यावर सिंधूनं पिशवी उघडून मला बाहेर काढलं. मला वाटलं, आता ही मला दगडानं ठेचणार. ठेचलं असतं तर बरं झालं असतं.

"नाडा कुठंय?" तिनं विचारलं.

"पडला," देवराम म्हणाला. "कामाच्या आधीच पडला कुठंतरी. हात सरकला माझा, बाकी काय नाय."

ती माझी पकड चाचपत म्हणाली, "पडला म्हणूनच झालं. गाठ सैल मारली मी. तुमच्या हाताचं पाप माझंच हाय."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती! ज्या दुःखातून बायकोला सोडवायचं, नेमक्या त्याच दुःखात तिला लोटलं, आणि वर खोटंही बोलून बसला. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण त्याचा हात ठणकत होता, ती रडत होती, आणि जे त्या दिवशी राहिलं ते वर्षभर राहिलं. तो अधूनमधून "सिंधू, ऐक" म्हणे. ती वळून बघे. मग हा पाणी मागे.

माझं काम नाथाकडे आलं. देवराम आता पॉलिश करतो, मोजमापं घेतो. नाथाचा हात चपळ आहे, पण घाईचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, मुलगी दोन महिन्यांची झाली, दिवाळीत त्यांना आणायचं म्हणून कामं उरकत सुटलाय.

आता मखमलाबाद नाका मागं पडला. रामवाडीच्या पुलावर गारठा लागतो, त्यावरून कळलं.

यंदाची खंडेनवमी दोन दिवसांपूर्वी झाली. सिंधू पुन्हा गडावर गेली होती, यंदा अनवाणी. पाटावर मला ठेवलं आणि तिनं नाडा पाण्यात भिजवला. ओला नाडा वाळताना आवळतो, हे तिला लाकडाच्या मोळीपासून पाळण्याच्या दोरीपर्यंत सगळं बांधून ठाऊक. मुठीला बांधायचा नाही, हेही तिनं लक्षात ठेवलं होतं. त्याच दांडीभोवती घेतला, वर ओढला, सात वेढे दिले आणि गाठीवर गाठ मारली. दातांनी ओढून घट्ट केली.

"आता पडू दे बरं," ती म्हणाली. "माझ्या भावाचा हात हाय हा."

देवराम हातात नारळ घेऊन शेजारीच उभा होता. त्यानं माझ्या अर्ध्या उघड्या झाकणाकडे पाहिलं.

"सिंधू."

"काय?"

"काय नाय. नारळ कुठं फोडू?"

मला दात आहेत, पण वाचा नाही. त्या क्षणी ती असती तर मी त्या माणसाला नको नको ते बोलले असते.

काल, दसऱ्याच्या दिवशी दुपारी सिंधू आपट्याची पानं द्यायला शेजारी गेली, तेव्हा देवराम पटाशी घेऊन माझ्याजवळ आला. तीन बोटांच्या हातानं मला धरलं. पटाशीची धार नाड्याला टेकवलीही. पण नाडा कापला तर ती विचारणार, परत बांधणार, याहून घट्ट. खरं सांगितल्याशिवाय यातून सुटका नाही, हे त्याला तेव्हा उमगलं असावं. तेवढ्यात दारात कुणीतरी "सोनं घ्या" म्हणत आलं आणि त्यानं पटाशी पाटावर ठेवली. उद्या बघू, असा चेहरा होता. मला तो चेहरा चांगला माहीत आहे.

आज सकाळी तो नळावर पाणी भरायला गेला होता. नाथा आला, पिशवी उचलली आणि निघाला. "दाजी कुठंयत?" एवढं विचारलं. सिंधूनं त्याच्या हातात डबा दिला आणि माझ्या पिशवीला हात लावून तो हात कपाळाला लावला.

पोचलो आम्ही. चार जिने चढलो. नाथानं मला बाहेर काढलंय.

"आक्कानं बांधलाय बघ कसा," तो तिथं काम करणाऱ्या प्लंबरला दाखवून हसतोय. "तोडायची सोय नाय."

बॅटरी बसली. दोन विटांवर प्लाय आडवा टाकलाय. त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली, मला रेघेवर धरलं आणि वाकून पाहिलं. "वा, कशी मस्त दिसती." डावा हात प्लायवर दाबलाय, पाचही बोटं पसरून. एका बोटात मुलीच्या बारशाला मिळालेली अंगठी.

त्याच्या खिशातला फोन वाजतोय.

त्यानं फोन काढून बघितला. "दाजी," म्हणाला आणि कट करून पुन्हा खिशात टाकला. "एवढी पट्टी कापतो, मग करतो."

पुन्हा वाजतोय.

देवराम कामाच्या वेळी कधीही फोन करत नाही. आणि त्यांच्याकडे फोनला रेंज येते ती फक्त खोलीतल्या ओट्यावरच्या खिडकीत. या वेळेला सिंधू त्याच ओट्याशी भाकरी थापत असते. तिच्या कानावर पडल्याशिवाय त्याला नाथाशी एक शब्द बोलता यायचा नाही. म्हणजे त्याचं ठरलंय. वर्षभर गिळून ठेवलेलं तो आज तिच्यासमोर बोलणार आहे. तिचा नाडा, तिची गाठ, ती दोन बोटं, सगळं.

नाथाचं बोट माझ्या बटणावर आहे. फोन वाजतोच आहे.

मला बोलता येत नाही, नाथा. मला थांबताही येत नाही. मला फक्त फिरता येतं. बटणावरचं बोट काढ आणि फोन घे रे बाबा. तुझ्या दाजीला आज पहिल्यांदाच खरं बोलायचंय.