तापणारे टॉवेल

लॉन्ड्रीसमोर एवढी गर्दी कधी लोटली नव्हती, आणि गंमत म्हणजे कुणाच्याही हातात मळके कपडे नव्हते. आत इस्त्रीच्या टेबलावर टोपल्या मांडल्या होत्या, टोपल्यांत घड्या घातलेले स्वच्छ टॉवेल होते आणि जो तो आपल्या टॉवेलाच्या घडीत हात खुपसायला धडपडत होता.

"तापलाय! अगंबाई, माझा तापलाय!" बेकरीवाली किंचाळली. "गेली माझी गुडघेदुखी!"

तिच्या शेजारच्या शिंप्याचं तोंड मात्र उतरलं. "माझा गारच."

"गार म्हणजे रोग अजून आत दडून बसलाय," पाठीमागून तेलगुरूचा भारदस्त आवाज आला. "घाबरू नका. आणखी बाटल्या लागतील, एवढंच."

तेलगुरूनं लॉन्ड्रीला लागूनच खोली घेतली होती. तिथं तो रोग्यांच्या अंगाला भांगेच्या बियांचं हिरवट तेल चोळी, टॉवेलानं पुसून काढी आणि ते टॉवेल लॉन्ड्रीत धुवायला धाडी. धुऊन, वाळवून, घडी घातलेला टॉवेल नुसता टोपलीत पडल्या पडल्या पुन्हा तापायला लागला, की रोगी बरा! "रोग म्हणजे कोंडलेली आग," तो डोळे मिटून सांगे. "हे तेल ती ओढून टॉवेलात आणतं. माणूस खोटं बोलेल, डॉक्टरचा रिपोर्ट खोटा निघेल, पण टॉवेल? टॉवेल खोटं बोलत नाही!" आणि लोक माना डोलावत. टॉवेलाच्या इमानदारीचा याआधी कुणी विचारच केला नव्हता ना!

लॉन्ड्रीवाल्याची धाकटी बहीण हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायची. घरचे पडदे धुवायला टाकायला म्हणून ती आली आणि हा तमाशा बघून दारातच थबकली. भावाचा चेहरा तिला लालबुंद दिसला.

वहिनीनं तिला कपाटाआड ओढलं. "परवा ह्यांचा टॉवेल तापला. तेव्हापासून ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद! मी बोलले तर अंगावर येतात. आता तूच काहीतरी कर गं."

धाकटीला वडील आठवले. ते अशाच गोळ्या सोडल्यावर अर्धांगानं अंथरुणाला खिळले होते, आणि दादाला ते पुरतं ठाऊक होतं. तिचा संताप संताप झाला. ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तू गोळ्या सोडल्यास?"

"सोडल्या. आणि भाषण देऊ नकोस," दादा म्हणाला. "अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला? टॉवेल धुतो मी, वाळवतो मी, घड्या घालतो मी. तो बाबा माझ्या मशीनला बोटसुद्धा लावत नाही. मग लबाडी करणार कुठं?"

इथंच तर खरी मेख होती. परक्यावर दादानं कधी विश्वास टाकला नसता. पण हे काम त्याच्या स्वतःच्या हातचं होतं, आणि त्या हातांवर त्याचा फार विश्वास होता.

"म्हणजे चमत्कार तूच करतोयस," धाकटी म्हणाली.

"जा, शाळेत जाऊन शिकव."

ती गेली नाही. पडदे वहिनीच्या हातात देत तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सगळे टॉवेल एकसारखेच वाळवता का गं?"

"छे! लाल काठाचे दोरीवर, मोकळ्या हवेत. निळ्या काठाचे मशीनमध्ये, आणि गरम असतानाच टोपलीत दाबून भरायचे, वर जाड चादर. महाराजांनी अगदी बजावून सांगितलंय."

"आणि लाल कुणाला, निळा कुणाला?"

"नव्या माणसाला लाल," वहिनी म्हणाली. "बाटल्या घेतल्या की निळा." एवढं बोलली आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला.

पुढच्या टॉवेलदर्शनाला पुन्हा तशीच गर्दी होती. धाकटीनं एका टोपलीतला टॉवेल तेलगुरूपुढे धरला. "महाराज, हात लावून सांगा, कुठला रोग बाहेर आला?"

तेलगुरूनं घडीत बोटं घातली, चटका बसल्यासारखी काढली आणि त्याचा चेहरा खुलला. "यकृत! जुनाट विकार! पण मुळासकट निघाला बघा. कुण्या भाग्यवानाचा हा टॉवेल?"

"आमच्या जेवणाच्या टेबलाचा," धाकटी म्हणाली. "काल त्याला तुमचंच तेल चोळलं आणि पुसलं. पुढचं धुणं, वाळवणं, टोपलीत भरणं दादानं केलं, नेहमीसारखं."

बेकरीवालीला जे हसू फुटलं, ते थांबेचना. "टेबलाचं यकृत! अहो, पाय तरी तपासायचे, चार आहेत त्याला!"

"ह्या दुसऱ्या टोपलीतल्यांना तेल लावलंच नाही," धाकटीनं सांगितलं. "त्याच मशीनमधून निघाले, तसेच दाबून झाकले. हात लावा, गार पडलेत. आणि हा शिंपीदादांचा लाल काठाचा. ह्या वेळी वहिनीनं दोरीवर न टाकता मशीनमध्ये वाळवून निळ्यांसारखाच दाबून ठेवला."

शिंप्यानं हात घातला. "तापलाय!" तो आनंदानं ओरडला आणि लगेच ओशाळला.

"ह्या तेलाची हवेशी रासायनिक क्रिया होते, जवसाच्या तेलासारखीच," धाकटी म्हणाली. "त्यातून उष्णता निघते. धुतलं तरी थोडं तेल धाग्यात राहतंच. मोकळ्या हवेत ती उष्णता उडून जाते. गरम घड्या दाबून, झाकून ठेवल्या तर आतल्या आत साठत जाते. रोग बिग काही नाही." तिनं टेबलाच्या टोपलीतली सगळ्यात मधली घडी उलगडली. कापड करपून तपकिरी झालं होतं, जळका वास सुटला होता. "दादा, असा ढीग ठेवून तू रोज कुलूप लावून घरी जातोस. एखाद्या दिवशी दुकान पेटलं असतं."

दादानं ते कापड हातात घेतलं आणि मटकन स्टुलावर बसला. आयुष्यभर कपडे सांभाळले त्यानं, आणि त्याच्याच टोपलीत आग शिजत होती.

"ताई, श्रद्धेला परीक्षा नसते..." तेलगुरूनं सुरुवात केली, पण शिंप्यानं त्याची बाही पकडली होती आणि बाटल्यांचे पैसे मागणारे आणखी हात पुढे येत होते. महाराजांचं तेलही गेलं, तूपही गेलं.

"मग हे तेल टाकून द्यायचं का गं?" बेकरीवालीनं विचारलं.

"कशाला? तेल चांगलंय. ओमेगा तीन, ओमेगा सहा, दोन्ही आहेत त्यात. कच्च्या भाज्यांवर चमचाभर घाला, कोरड्या त्वचेला लावा. नशा होत नाही. तळायला मात्र घेऊ नका, आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर खवट होतं. ते अन्न आहे, औषध नाही. आणि तेलाचे बोळे कधी ढीग करून ठेवू नका."

गर्दी पांगली. दादा अजून स्टुलावरच होता. धाकटीनं डॉक्टरकडून आणलेलं ब्लड प्रेशरचं यंत्र त्याच्या दंडाला गुंडाळलं. आकडा बघून तिनं ओठ आवळले आणि यंत्र त्याच्याकडे फिरवलं.

"मी डोळ्यांनी पाहिलं होतं गं," तो हळूच म्हणाला.

"पाहिलंस ते खरंच होतं, दादा. टॉवेल तापतच होते. फक्त का तापतात, ते तू दुसऱ्याला विचारलंस. अशा वेळी आपणच एकदा टेबलाला तेल लावून बघायचं असतं."

दादानं वहिनीकडे पाहिलं. "डॉक्टरांकडे आत्ताच जाऊया," तो म्हणाला आणि शर्टाची बाही खाली घेत उठला.