वाचले, जुळले

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तिने चहाचे आधण ठेवले, दुधाची पिशवी कापली आणि खुर्चीमागे उभी राहून मुलीची वेणी घालू लागली. मुलगी वहीला कव्हर घालत होती. सरकारी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात आई मुद्रितशोधक असल्यामुळे घरात कव्हरासाठी जादा प्रुफांचा तोटा नव्हता.

“आई, हक्क सरकार देतं, तर रागावलं की काढूनही घेतं का? तू माझा मोबाइल घेतेस तसा?”

“काहीतरीच. हक्क जन्माबरोबर येतात. राज्य फक्त राखण करतं.”

मुलीने कागदावर बोट ठेवले. ‘मूळ जाहीरनामा’ या शीर्षकाखाली छापले होते : राज्य प्रत्येक नागरिकाला हक्क देते. आदल्याच दिवशी आईने तपासलेले पान. चहा उतू गेला.

छापखान्याची पद्धत ठरलेली होती. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने प्रुफावर बोट फिरवायचे आणि शेवटी ‘वाचले, जुळले’ या शिक्क्याखाली दोघांनी सही करायची. देशाच्या स्थापनेच्या वेळी लिहिलेला हा जाहीरनामा नागरिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर असे. एकोणीस वर्षांत तो इतका पाठ झाला होता, की काल तिने कागदाकडे न पाहताच म्हटला. समोर बसणाऱ्या दादांचे बोट सवयीने ओळींवरून फिरत राहिले.

“मी तुझा आवाज ऐकत होतो गं,” तिने कामावर जाऊन पान दाखवल्यावर दादा ओशाळून म्हणाले, “पान कुठे वाचत होतो.”

हस्तलिखितातही तेच बदललेले वाक्य निघाले. तिने पाठ्यपुस्तक समितीच्या सचिवांना फोन केला. त्यांनी भाषातज्ज्ञांकडे बोट दाखवले. भाषातज्ज्ञ म्हणाले, समितीने सोपे करायला सांगितले, आम्ही केले. दुपारपर्यंत तिचे तीन मजले चढून झाले. चूक सगळ्यांना मान्य होती आणि दुरुस्ती कोणाच्याच अखत्यारीत नव्हती.

विभागप्रमुख साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. हस्तलिखिताशी प्रुफ जुळते आहे, म्हणजे तुमचे काम चोख झाले, असे त्यांनी समजावले. तत्त्वज्ञान मुलांनी कॉलेजात शिकावे.

हक्क ही राजाची मेहेरबानी, असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या माणसांनी हा देश उभा केला, हे तिने सांगून पाहिले. नैसर्गिक हक्कांचा विचार त्यांनी वाचला, त्यावर भांडले आणि मग लिहिले, की माणूस आपले हक्क घेऊनच राज्यात येतो. ते वाक्य काढले तर बाकीच्या जाहीरनाम्याला पायाच उरत नाही.

“बाई, एका वाक्यानं आभाळ कोसळतंय का?”

“दिलेलं परत मागता येतं, साहेब. सातवीतल्या पोरीला कळलं ते.”

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. पान पाचला यंत्रावर चढणार, असे ते म्हणाले. फॉर्म विभागात एक जागा रिकामी आहे, हेही त्यांनी सहज बोलून दाखवले. तिकडे वर्षभर कोरे रकाने तपासावे लागत.

टेबलापाशी परतल्यावर ती बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसली. दादांच्या निवृत्तीला चौदा महिने होते. त्यांच्या सहीबद्दल तिने त्यांना काहीच विचारले नाही. पट्टी घेतली, आपल्या सहीवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले : ‘मूळ जाहीरनाम्याशी जुळत नाही.’ तारीख घातली. दोन सह्यांशिवाय यंत्रघर पान घेत नसे. ते तिने परतीच्या ट्रेमध्ये ठेवले आणि दादांना भूगोलाचे हस्तलिखित मागितले.